सुनेच्या पहिल्या नाताळाला काय करू?



डिसेंबर लागला की माझ्या टपालात एकाच तऱ्हेची पत्रं येऊ लागतात. केक मधेच का बसतो, अंड्याशिवाय फुगेल का, कुकरमध्ये भाजला तर चालेल का. त्यांची उत्तरं या पानावर अनेकदा देऊन झाली आहेत. यंदा मात्र एक पत्र निराळं आलं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका भगिनींनी ते लिहिलं आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे.

त्या लिहितात : "मुलाने गेल्या वैशाखात नोंदणी पद्धतीने लग्न केलं. सून वेंगुर्ल्याकडची, ख्रिस्ती. मुलगी गुणी आहे. गणपतीत पहाटे उठून माझ्याबरोबर मोदक वळले, एकही फुटला नाही. मुलगा प्रवासी बोटीवर स्वयंपाकी आहे. नाताळात तो घरी नसेल. त्याची बोट मदेइरा नावाच्या बेटाला लागते, तिथून त्याने एकदा काळसर केकचा डबा आणला होता. 'आई, तिथलं जेवण म्हणजे हिच्या माहेरचंच गं,' असं तो म्हणतो. मला वाटतं, तो नसला तरी सुनेसाठी काहीतरी करावं. तिला विचारलं तर 'नको आई, कशाला त्रास' एवढंच म्हणते. सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, 'आमच्या घरात ह्या चलाचा नाय.' मी काय करू? आणि करायचं तर नेमकं काय करू?"

पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. त्याचं कारण आधी सांगते.

माझं बालपण मालवणात गेलं. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. आमच्या आईचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जाई, आणि नाताळात त्यांच्याकडून ताट येई. त्यावर क्रोशाचा रुमाल असे. नेवऱ्या, कुलकुलं, दोदोलाच्या वड्या, लालसर पेराद. ते ताट आई हसून घेई, "कशाला एवढं!" म्हणे, आणि मावशी फाटकाबाहेर गेल्या की सगळं गाईपुढे ठेवी. आम्ही मुलं दारामागून बघत असू. एका नाताळात मावशी विसरलेला रुमाल न्यायला मागे फिरल्या आणि त्यांनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. रुमाल घेतला आणि गेल्या. पुढच्या वर्षी ताट आलं नाही. आईने मात्र फराळ पाठवणं बंद केलं नाही, आणि मावशींनी तो कधी परतही केला नाही. आज आई नाही आणि मावशीही नाहीत. पण करंजी तळताना मला अजून तो रुमाल आठवतो. कारण नेवरी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली करंजीच!

तेव्हा बाई, तुम्ही "करावं" म्हणता आहात ना, मग कराच. कसं करायचं ते आता सांगते.

हे जेवण इतकं परकं आहे का?

मदेइरा हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगीजांचं बेट. लिस्बनपासून सुमारे हजार किलोमीटरवर. पोर्तुगीज भाषेत 'मदेइरा' म्हणजे लाकूड. पंधराव्या शतकात पोर्तुगीज तिथे पोचले तेव्हा बेटावर वस्ती नव्हती, नुसतं रान होतं. त्यांनी तिथे ऊस लावला, द्राक्षं लावली. पुढे हिंदुस्थानच्या वाटेवरची गलबतं त्याच समुद्रातून खाली उतरू लागली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, १५१० साली आल्बुकेर्कने गोवं घेतलं. त्यातही गंमत अशी की त्यांनी प्रथम जिंकलेला गोव्याचा भाग, आजचा तिसवाडी तालुका, हेही नद्या-खाड्यांनी वेढलेलं बेटच. पोर्तुगीज अमदानीत त्याचं नावच 'इल्याश', म्हणजे 'बेटं', असं होतं.

तिथून काही ख्रिस्ती कुटुंबं पुढे सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूला सरकली आणि आपल्यातच मुरली. त्यांच्याबरोबर चुलीवरच्या रीतीही आल्या. म्हणून तुमच्या मुलाला मदेइरात बायकोचं माहेर आठवतं. तो उगाच कौतुक करत नाही!

आता सासूबाईंचं. त्यांचा राग करू नका. त्यांच्या लहानपणी पाव खाल्ला म्हणून माणूस बाटला, अशा गोष्टी घरोघरी सांगितल्या जात. ती भीती एका दिवसात जात नाही. पण एकादशीला त्यांच्या ताटात काय असतं ते आठवा. बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची. ही चारही मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून, नाहीतर त्यांच्या मागोमाग, ती आपल्या किनाऱ्याला लागली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचाच. बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी ही नावंसुद्धा पोर्तुगीज. चावी, बादली, पगार, घमेलं हे शब्दही त्यांचेच. ज्या काजूवर आज वेंगुर्ल्याची निम्मी घरं उभी आहेत तो त्यांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. हापूसचं नावसुद्धा आल्बुकेर्कच्या 'आफोन्सो' या नावावरून पडलं, असं मानतात.

आपल्या उपवासाला जे चालतं, ते ज्या वाटेने आलं त्याच वाटेने सुनेच्या घरचा पाव आला. हे सासूबाईंना वाद घालून सांगू नका. एखाद्या एकादशीला रताळं सोलता सोलता सहज सांगा.

आता तीन पदार्थ देते. तिन्ही मदेइराच्या रीतीचे आहेत, पण सगळं सामान तुमच्या तालुक्याच्या बाजारात मिळेल. भट्टी लागणार नाही. डुकराचं मांस घरात चालत नाही हे मी गृहीत धरलं आहे.

१. रताळ्याचा तव्यावरचा पाव

मदेइरात याला 'बोलु दु काकु' म्हणतात. जाड भाकरीसारखा हा पाव तापलेल्या काळ्या दगडावर भाजायची तिथली जुनी रीत आहे. आपल्याकडे घावन्यांचा बिडाचा तवा आहे, तो या कामाला उत्तम. हा पाव बिनअंड्याचा आहे. लोण्याऐवजी तूप लावलंत तर सासूबाईंनाही देता येईल. मात्र हा उपवासाचा नव्हे बरं!

साहित्य : मैदा अर्धा किलो (हवं तर निम्मी कणीक), रताळी पाव किलो, कोरडं यीस्ट दीड चमचा, साखर एक चमचा, मीठ दीड चमचा, कोमट पाणी साधारण एक कप. वरून लावायला लोणी शंभर ग्रॅम, लसूण सहा पाकळ्या, मूठभर कोथिंबीर. (चमचा म्हणजे चहाचा.)

कृती : रताळी उकडून, सोलून, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावीत. गुठळी राहू देऊ नये. पाव कप कोमट पाण्यात साखर व यीस्ट घालून दहा मिनिटं झाकून ठेवावं. फेस आला नाही तर यीस्ट जुनं झालं आहे असं समजून टाकून द्यावं, त्यावर मैदा वाया घालवू नये. मैदा, मीठ, रताळं एकत्र करून त्यात हे पाणी घालावं. उरलेलं पाणी बेताबेताने घालावं, कारण काही रताळी कोरडी निघतात तर काही पाणचट. पीठ पुरणपोळीच्या कणकेहून किंचित घट्ट हवं. दहा मिनिटं चांगलं मळून, झाकून, दुप्पट होईपर्यंत ठेवावं. एरवी दीड तास पुरतो. डिसेंबरच्या गारठ्यात जास्त लागेल, तेव्हा पातेलं चुलीजवळ किंवा पांघरुणात गुंडाळून ठेवावं.

मग आठ गोळे करावेत, पिठी लावून बोटभर जाडीचे थापावेत आणि पुन्हा अर्धा तास झाकून ठेवावेत. तवा कोरडा पुसून तापवावा, मग आच मंद करावी. तेल लावू नये. एका बाजूने सात-आठ मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच. शेवटी उभा धरून कडा तव्यावर फिरवाव्यात. आच मोठी झाली तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून इथे घाई नको. लसूण ठेचून लोण्यात कालवावी, कोथिंबीर मिसळावी आणि पाव गरम असतानाच मधून फोडून आत हे लोणी लावावं.

२. लसूण-शिरक्याची कोंबडी

मदेइरात नाताळ म्हटला की 'वीन्या दाल्युश'. त्यात मुख्य वस्तू दोन, द्राक्षाची दारू किंवा तिचा शिरका, आणि लसूण. त्यात मांस दोन-तीन दिवस मुरवून ठेवतात आणि नाताळाच्या रात्री चर्चहून आल्यावर, नाहीतर सकाळी, पावाबरोबर खातात. लांबच्या प्रवासात मांस टिकावं म्हणून ही रीत गलबतांवर होती. ती गोव्याला आली तेव्हा इथे द्राक्षाची दारू कुठली? माडाच्या माडीचा शिरका आला, मिरची-मिरी-लवंग आली आणि नाव झालं 'विंदालू'. त्यातलं 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, 'आल्यु' म्हणजे लसूण! हॉटेलात विंदालूत बटाटे घालतात, ते केवळ या नावाच्या घोटाळ्यामुळे.

साहित्य : कोंबडी एक किलो, लसूण पंधरा-सोळा पाकळ्या, आलं एक इंच, ब्याडगी मिरच्या आठ-दहा, जिरं एक चमचा, मिरी दहा दाणे, लवंगा चार, दालचिनी एक इंच, माडीचा शिरका अर्धा कप, कांदे दोन, तमालपत्र दोन, गूळ सुपारीएवढा, मीठ, तेल.

कृती : मिरच्या बिया काढून अर्धा तास शिरक्यात भिजवाव्यात. त्याच शिरक्यात कांदा, तमालपत्र, गूळ सोडून बाकीचा मसाला गंधासारखा वाटावा. पाणी घालू नये. कोंबडीला मीठ व वाटण चोळून चार-सहा तास थंड जागी, शक्य तर फ्रीजमध्ये ठेवावी. कोंबडी नाजूक असते, तिला दोन दिवस मुरवत ठेवू नये, मांस भुसभुशीत होतं. मग तेलावर तमालपत्र व कांदा गुलाबी परतून कोंबडी घालावी, पाच-सात मिनिटं परतावी, एक कप गरम पाणी घालून मंद आचेवर शिजवावी. उतरवताना गूळ घालावा. नारळ घालू नका. मला माहीत आहे, मालवणी हाताला राहवत नाही! पण खोबऱ्याने शिरक्याची चव मारली जाते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शिरक्याचा पदार्थ अॅल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात करू नये आणि ठेवूही नये. स्टील, काच किंवा चिनी माती वापरावी. दुसरी, शिरका नाही म्हणून कोकम किंवा चिंच घालू नका. पदार्थ चांगला होईल, पण तो हा पदार्थ नव्हे. शिवाय ही कोंबडी दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागते. म्हणून आदल्या दिवशीच करून, निवल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे सणाच्या दिवशी धावपळ होणार नाही. घरात कुणी शाकाहारी असेल तर याच वाटणात सुरणाच्या फोडी तळून घाला. सुरणाची खाजही शिरक्याने कमी होते.

३. रवीने घुसळलेलं मध-लिंबाचं सरबत

मदेइराचं प्रसिद्ध पेय 'पोंशा'. उसाची दारू, मध आणि लिंबू. तिथले दर्यावर्दी ते सर्दी-पडशावरचं औषध म्हणून घेत. ते घुसळायला लाकडाचा दाते असलेला दांडा लागतो, तो हुबेहूब आपल्या ताकाच्या रवीचा धाकटा भाऊ. इंग्रजी 'पंच' हा पेयाचा शब्द आपल्या 'पाच'वरून, म्हणजे पाच जिनसांवरून गेला, असं पुष्कळ जाणकार मानतात. मदेइराचा 'पोंशा' त्याच्याच गोतातला असावा. आपण दारू वगळूया, घुसळण तेवढी ठेवूया.

साहित्य : लिंबं तीन, संत्री दोन, मध चार मोठे चमचे, आल्याचा रस एक चमचा, चिमूटभर मीठ, गार पाणी तीन पेले.

कृती : एका संत्र्याची साल वरवर किसून घ्यावी. पांढरा भाग येऊ देऊ नये, कडू होतो. हा कीस आणि मध पातेल्यात घालून रवीने चांगला घुसळावा म्हणजे सालीचं तेल मधात उतरतं. मग लिंबू-संत्र्याचा रस, आल्याचा रस, मीठ घालून पुन्हा घुसळावं, गाळावं आणि पाणी घालावं. मध उकळत्या पाण्यात घालू नये. घरात वर्षाच्या आतलं मूल असेल तर त्याला मध मुळीच चाटवू नये, डॉक्टर सांगतात ते खरं आहे.

आता खरी गोष्ट

पदार्थ सांगून झाले. पण बाई, तुमचा प्रश्न पदार्थांचा नव्हता, हे मला कळलं आहे.

पहिली गोष्ट, हे सगळं गुपचूप करून सुनेला चकित करायला जाऊ नका. या पानावरची कृती काहीही असो, तिच्या आईची कृती निराळी असणार. शिरका किती, गूळ घालायचा की साखर, यावर प्रत्येक घराचं मत असतं. तेव्हा तिला "काय करू?" असं विचारू नका. त्याला "काही नको" हेच उत्तर येतं. नव्या सुनेने दुसरं काय म्हणावं? त्यापेक्षा वाटण वाटायला बसवा आणि विचारा, "तुझ्या आईचा शिरका जास्त असतो की कमी?" मग बघा ती कशी बोलायला लागते! गणपतीत ती तुमच्याकडे मोदक शिकली. नाताळात तुम्ही तिच्याकडे शिका.

दुसरी, सासूबाईंपासून काही लपवू नका. "आज हे करतो आहोत, तुम्हाला नको असेल तर तुमचं वेगळं आहे," असं सरळ सांगा. त्यांचा वरण-भात आधी करा, त्यांच्या भांड्यांना हात लावू नका. त्यांनी खाल्लंच पाहिजे असा आग्रह नको. घरात शिजलं आणि कुणी नाक मुरडलं नाही, एवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं. तव्यावरचा रताळ्याचा पाव मात्र तूप लावून त्यांच्या ताटाजवळ ठेवून बघा. नाही खाल्ला तर निमूट उचला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नाताळाच्या आदल्या रात्री ती चर्चला कुणाबरोबर जाणार? नवरा समुद्रावर, माहेर दूर. ती म्हणेल, "यंदा नाही गेले तरी चालेल." ते ऐकून सुटल्यासारखं वाटून घेऊ नका. तुम्ही किंवा तुमचे यजमान तिच्याबरोबर जा. प्रार्थना येत नसली तर मागच्या बाकावर नुसतं बसा, कुणी काही म्हणत नाही. परत आल्यावर रात्री पाव गरम करा, कोंबडी गरम करा आणि तिला पहिलं वाढा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी तिच्या आई-वडिलांना जेवायला बोलवा. आणि त्यांनी ताट आणलं तर ते तिच्यासमोर उघडा, तिच्यासमोर खा. रिकामं परत देऊ नका, दोन बेसनाचे लाडू घालून द्या.

मुलाने आणलेला तो काळसर केक 'बोलु द मेल' असणार. तो उसाच्या काकवीचा करतात. आठ डिसेंबरला भाजून ठेवायची रीत आहे, आणि तो वर्षभर टिकतो. डब्यात अजून एखादा तुकडा शिल्लक असेल आणि त्याला चांगला वास येत असेल तर नाताळाच्या दिवशी काढा. मात्र सुरीने कापू नका. मदेइरात तो हाताने मोडून वाटतात. पहिला तुकडा सुनेच्या हातात द्या आणि ती कुणाला देते ते बघा. कदाचित ती तो सासूबाईंपुढे नेईल. त्या घेतील की नाही हे मी सांगू शकत नाही. पण देणाऱ्या हाताला घरात कुणी अडवलं नाही, हे तिच्या जन्मभर लक्षात राहील.

माझ्या आईला हे सांगणारं त्या वेळी कुणी नव्हतं. तुम्ही आपण होऊन विचारलंत, म्हणून मनापासून लिहिलं.

इतर भगिनींनीही पाव करून पाहावा. शेजारच्या ताटाची काही आठवण असेल तर तीही लिहावी. आणि तुम्ही, बाई, जानेवारीत पत्र टाका. पाव फुगला की नाही, आणि सासूबाईंनी काय केलं, दोन्ही कळवा. मी वाट पाहते आहे.